आधी आईबापांना सांगा : भाटघरच्या काठावरचं बालशिबिर आणि पालकांशी नातं

मे महिन्यातली सकाळ. चर्चच्या अंगणात बस उभी असते, टपावर वळकट्या चढत असतात आणि खिडक्यांमधून मुलांचे हात बाहेर आलेले असतात. बस सुटते, कात्रज मागे पडतं, कापूरहोळला सातारा रस्ता सोडून गाडी भोरकडे वळते. तोवर मुलांच्या मनातून घर जवळजवळ पुसलं गेलेलं असतं. अंगणात थांबलेल्या आईवडिलांचं तसं होत नाही. पुढचे पाच दिवस त्यांचा अर्धा जीव भाटघरला असतो.

बालशिबिराची तयारी करताना आपण पाठांतराची वचनं ठरवतो, कृतिगीतं बसवतो, खेळांचं साहित्य आणतो, आचाऱ्याशी बोलणी करतो. पालकांच्या वाट्याला बहुधा एक फॉर्म आणि एक सूचनापत्रक येतं. मी बरीच वर्षं अशा शिबिरांत ‘ताई’ म्हणून काम केलं आहे. त्यातून एक कसोटी मनाशी पक्की झाली : जी गोष्ट आईवडिलांच्या समोर बोलता किंवा करता येणार नाही, ती त्यांच्या पाठीमागे मुलाशी बोलायची नाही आणि करायची नाही. ही कसोटी पाळायची तर शिबिराच्या आधी, शिबिरात आणि शिबिरानंतर नेमकं काय करावं लागतं, ते या लेखात क्रमाने मांडलं आहे.

जागा कशी आहे, हे पालकांना खरं सांगा

भाटघर धरण वेळवंडी नदीवर आहे. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या या धरणाला लॉईड धरण असंही नाव होतं. आज त्याच्या जलाशयाला भोर भागातले शिवकालीन वीर येसाजी कंक यांचं नाव आहे. धरणाची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या कोरड्या तालुक्यांना जातं, त्यामुळे शिबिराच्या मोसमात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जलाशय बराच आटलेला असतो. कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं जुनं मंदिर, जे पावसाळ्यात पाण्याखाली असतं, ते याच दिवसांत उघडं पडतं.

पाणी आटलं म्हणजे धोका आटला, असं नाही. मागे सरकलेल्या पाण्याच्या काठाला गाळ असतो. पाण्याखाली जुनी शेतं, बांध आणि विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचं पुढचं पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडू शकतं. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच तरुणी बुडून मरण पावल्या. ती बातमी पुणे जिल्ह्यातल्या घराघरांत वाचली गेली. ‘भाटघर’ हे नाव ऐकताच आईच्या डोळ्यांपुढे पाणी येतं, ते उगीच नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत जागेची माहिती सरळ द्यावी. पुण्यापासून अंतर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जवळचं मोठं गाव भोर, सरकारी रुग्णालय तिथेच. जलाशयाच्या आतल्या बाजूला मोबाइलची रेंज येते-जाते. मे महिन्याच्या अखेरीस वळीव येतो, विजा कडाडतात, लाइट जाते. भातशेतीचा डोंगराळ भाग असल्यामुळे साप-विंचू असतात, म्हणून मुलांना अंधारात विजेरीशिवाय बाहेर सोडलं जात नाही. हे सगळं ऐकून पालक घाबरतील अशी भीती आयोजकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. जो माणूस धोका आपणहून सांगतो, त्याने त्याचा बंदोबस्तही केला असेल, असं पालक धरून चालतात.

पालक म्हणजे कोण?

‘पालक’ म्हटलं की आई-बाबांची जोडी डोळ्यांसमोर येते. नोंदणीच्या टेबलापुढे मात्र वेगवेगळी माणसं उभी राहतात. संडे स्कूलमध्येच वाढलेले आणि स्वतः अशी शिबिरं केलेले आईवडील असतात. त्यांना काळजी कमी आणि आठवणी जास्त. एकटीने मूल वाढवणारी आई असते, जिला पाच दिवस सुटी मिळत नाही आणि शुल्काचा आकडा पुन्हा विचारायला संकोच वाटतो. नातवंडं सांभाळणारी आजी असते. आई मंडळीत येणारी आणि वडील न येणारे, अशी घरं असतात. शेजारच्या वर्गमित्राबरोबर आलेलं हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान घरातलं मूलही असतं.

या प्रत्येकाची भीती वेगळी, म्हणून उत्तरही वेगळं लागतं. एका वर्षी एक आजी आल्या. फॉर्म त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवला. वाचता येत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी एकच प्रश्न केला : “पोराला पाण्यात उतरवणार का?” मी म्हटलं, “नाही, आजी. धरणाच्या पाण्यात कुणीच उतरणार नाही, मोठी माणसंसुद्धा नाहीत.” त्या म्हणाल्या, “असं लिहून द्याल?” मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते वाक्य लिहिलं, वाचून दाखवलं, खाली सही केली आणि झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागदाची चौघडी घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला. मग फॉर्ममधला एकेक प्रश्न मी वाचत गेले आणि त्या उत्तरं सांगत गेल्या.

त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या सूचनापत्रकात पहिल्या ओळीला छापलं जातं.

मराठी मुलुखाने पाहिलेले दोन प्रसंग

ख्रिस्ती शिबिराबद्दल पालकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. तो सहसा उघड विचारला जात नाही : “इथे आमच्या मुलाचा धर्म तर बदलणार नाहीत ना?” या प्रश्नाचा राग मानू नये. त्यामागे आपल्याच भागाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो शिबिरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवा.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले. कोर्टाने अज्ञान मुलाचा ताबा वडिलांना दिला. पुढे त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं की नाही, यावर मुंबईत मोठा वाद पेटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. मोठ्यांच्या या ओढाताणीत बारा वर्षांच्या मुलाच्या जिवावर काय गुजरलं असेल, ते आईबापच जाणोत.

दुसरा प्रसंग पुण्याचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदासदन १८९० मध्ये पुण्याला आलं. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी ते होतं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं त्याच्या सल्लागार मंडळावर होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. मी कुणावर सक्ती केलेली नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. पालकांच्या मनात मात्र संशय वाढत गेला, ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचं काम थांबलं नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावी मुक्ती मिशन उभं राहिलं आणि ते आजही आहे. पण शारदासदनातून परत नेलेल्या मुलींचं तिथलं शिक्षण त्या वर्षी तुटलं.

रमाबाईंबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही मुलांमध्ये काम करणाऱ्या माणसाने त्या प्रसंगातून एक गोष्ट शिकावी असं मला वाटतं : सक्ती न करणं पुरेसं नसतं. खोलीत काय चालतं, हे पालकांना आधीपासून आपल्या तोंडून कळलेलं असावं लागतं. ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं की खरी गोष्टसुद्धा लपवलेली वाटते.

भारताच्या राज्यघटनेनेही याच बाजूचा विचार केला आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. शिबिर म्हणजे शाळा नव्हे, हे खरं. पण देशाने शाळेकडून जी मर्यादा मागितली, ती चर्चने आपणहून पाळावी, यात कमीपणा कसला?

शास्त्र काय शिकवतं?

मुलांचं शिबिर म्हटलं की मार्कच्या दहाव्या अध्यायातला प्रसंग भिंतीवर रंगवलेला असतो : येशू आणि त्याच्याभोवती बालकं. चित्रात सहसा नसतात ती बालकांना घेऊन आलेली माणसं. तो अध्याय नीट वाचला तर दिसतं की शिष्यांनी दटावलं ते या मोठ्या माणसांना, आणि प्रभूला राग आला तो या दटावणाऱ्यांचा. दिवसातून चार वेळा फोन करणाऱ्या आईवर वैतागण्याआधी आपण त्या प्रसंगात कोणाच्या जागी उभे आहोत, ते पाहावं.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात तर शिबिराच्या प्रत्येक पालकाचं दुःस्वप्नच आहे. बारा वर्षांचा येशू सणाच्या यात्रेहून परतताना सोबतच्या घोळक्यात असेल असं समजून योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून जातात. मग नातलगांमध्ये शोध, परत यरुशलेम, आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात तो सापडतो. मरियेने केलेली तक्रार लूकने गाळलेली नाही. आणि ज्याने मंदिरातल्या गुरुजनांना थक्क केलं, तो मुलगा आईवडिलांबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, हेही त्याने आवर्जून लिहिलं आहे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाच्या गोष्टी शिकवण्याची जागा घर हीच सांगितली आहे : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शिबिराच्या वाट्याला वर्षातले पाच दिवस येतात. उरलेले तीनशे साठ दिवस घराचे आहेत.

शिबिराआधी : पालकसभा आणि घरभेट

शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी पालकसभा घ्यावी. रविवारी उपासना संपल्यावर लगेच घेतली तर मंडळीतले पालक थांबतात. मंडळीबाहेरच्या पालकांसाठी एखाद्या संध्याकाळी वेगळी सभा ठेवावी. चर्चमध्ये यायला ज्यांना अवघडल्यासारखं वाटतं, त्यांच्या घरी जावं. घरभेटीला दोघांनी जावं, त्यात एक स्त्री असावी आणि चहा नाकारू नये.

सभेत ज्यांच्या हाती मुलं सोपवायची आहेत, त्या ताई-दादांना पालकांसमोर उभं करावं. पाळकसाहेबांनी केलेली शिफारस एका जागी आणि मुलाच्या गटप्रमुखाशी प्रत्यक्ष बोलणं एका जागी. पाच दिवसांचं वेळापत्रक छापून द्यावं. त्यात ‘सकाळचं सत्र’ असं मोघम लिहू नये. ‘प्रार्थना’, ‘बायबलमधली गोष्ट’, ‘पाठांतर’ असं जे असेल ते लिहावं. झोपण्याची सोय, मुलींसाठी वेगळी खोली, रात्री तिथे कोण असेल, जेवणात काय असेल, हे सगळं विचारण्याआधीच सांगावं.

शुल्काचं बोलणं सगळ्यांसमोर नको. ज्यांना जमत नाही त्यांना सवलत कशी मिळेल, ते पत्रकात एका ओळीत लिहावं आणि एकाच माणसाकडे ते काम द्यावं. कोणाचं शुल्क कोणी भरलं, हे मुलांच्या कानावर कधीही जाऊ नये.

फॉर्ममध्ये काय असावं?

फॉर्म मराठीत असावा आणि लहान असावा. पुढच्या गोष्टी मात्र त्यात हव्यातच :

- मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात.
- संपर्काचे दोन क्रमांक आणि ते कोणाचे आहेत.
- मुलाला घ्यायला कोण येणार. त्या व्यक्तीशिवाय कोणाच्याही हाती मूल दिलं जाणार नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत.
- आजार, ॲलर्जी, रोजची औषधं. दम्याचा पंप असेल तर तो कोणाकडे राहील.
- रात्री अंथरूण ओलं होणं, झोपेत चालणं, अंधाराची भीती. हे प्रश्न लेखी नको वाटले तर समोर बसून विचारावेत.
- मुलगी वयात येत असेल, तर पाळीबद्दल तिच्याशी घरी बोलणं झालं आहे का.
- खाण्यातले नियम : काय चालतं, काय चालत नाही.
- प्रार्थनेला आणि बायबलच्या सत्राला मुलाने बसावं का. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सारखीच जागा.
- फोटो काढावेत का, आणि काढले तर ते कुठे दाखवावेत. डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती मागतो.
- घरात नुकतंच काही घडलं आहे का : मृत्यू, आजारपण, आईवडील वेगळे राहू लागणं.

शेवटच्या प्रश्नाने आम्हाला फार मदत केली आहे. गेल्याच महिन्यात आजोबा गेलेलं मूल शेकोटीजवळ एकदम गप्प झालं, तर गटातल्या दादाला कारण ठाऊक असतं.

शिबिर चालू असताना

मुलं पोहोचली की पहिला निरोप जायला हवा : “सगळे सुखरूप पोहोचलो, नाश्ता झाला.” त्यासाठी सर्व पालकांचा एक व्हॉट्सॲप गट असावा, ज्यात फक्त आयोजक लिहू शकतील. रोज रात्री ठरलेल्या वेळी चार ओळींचा निरोप द्यावा. ज्या पालकांकडे साधा फोन आहे त्यांना त्याच वेळी एसएमएस किंवा फोन करावा. काळजी करणाऱ्या माणसाला निरोपाइतकाच निरोपाच्या नियमितपणाचा आधार असतो.

एका वर्षी तिसऱ्या संध्याकाळी जोराचा वळीव आला. लाइट गेली, पाठोपाठ रेंजही गेली. मुलं आत सुखरूप होती, कंदिलाच्या उजेडात गाणी चालली होती, गरम खिचडी तयार होती. पण नऊ वाजता जाणारा निरोप गेला नव्हता, आणि पुण्यातल्या वाहिन्यांवर वादळाच्या बातम्या सुरू होत्या. पाऊस ओसरल्यावर आमच्यातले दोन दादा गाडी काढून भोरच्या दिशेने गेले. रेंज मिळताच रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी निरोप पाठवला. साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी एका वडिलांनी मला सांगितलं की निरोप आला तेव्हा ते पायात चपला घालून दाराशी उभे होते. आता आमच्या पत्रकात लिहिलेलं असतं : “रेंज गेली तर निरोपाला दोन तास उशीर होऊ शकतो. त्यासाठी माणूस आणि गाडी ठरवून ठेवली आहे.”

घरची आठवण हा वेगळा विषय. ती दिवसा खेळात बुडून जाते आणि दिवे मालवल्यावर वर येते. सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एक चूक झाली. एक मुलगा तीन रात्री रडला. आपण सांभाळू, घरच्यांना कशाला काळजी, असं म्हणून आम्ही कळवलं नाही. चौथ्या दिवशी तो रमला, हसत घरी गेला, आणि घरी गेल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांनी मला फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “ताई, तो रडला याचं काही नाही. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत.” त्या घरातलं मूल पुन्हा शिबिराला आलं नाही.

त्यानंतर नियम केला : मूल रात्री पंधरा-वीस मिनिटांहून जास्त रडलं, जेवण नाकारलं, ताप आला, पडलं, भांडणात लागलं, तर त्याच दिवशी पालकांना फोन. फोन करताना आधी मूल सध्या कसं आहे ते सांगावं, मग काय घडलं, मग आपण काय केलं, आणि शेवटी विचारावं : “घरी असं झालं की तुम्ही काय करता?” या प्रश्नाची उत्तरं कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत. “त्याच्या पाठीवरून हात फिरवू नका, कपाळावर ठेवा.” “तिला तिची ओढणी उशाशी द्या.” आईने सांगितलेलं असं एक वाक्य आमच्या दहा युक्त्यांहून लवकर लागू पडतं.

श्रद्धेचा प्रश्न

ख्रिस्ती शिबिरात ख्रिस्ताचं नाव घेतलं जाणार, आणि ते लपवण्याचं कारण नाही. लपवायचं काही नाही म्हणूनच पुढचे नियम पाळता येतात.

वेगळ्या धर्माच्या घरातल्या मुलासमोर त्याच्या घरच्या देवाबद्दल, पूजेबद्दल वावगा शब्द निघता कामा नये. पालकांनी सत्राला ‘नाही’ म्हटलं असेल तर त्या वेळी त्या मुलासाठी चांगलं काम असावं. त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं तर ती शिक्षाच झाली. भावनेने भारलेल्या रात्री मुलांना उभं राहायला, पुढे यायला लावू नये. बक्षीस पाठांतराला असावं, निर्णयाला कधीही नसावं. बाप्तिस्म्याचा विषय शिबिरात काढू नये.

आणि एखादं मूल आपणहून येऊन म्हणालं, “ताई, मला प्रभूच्या मागे चालायचं आहे,” तर? आनंदाने ऐकावं, आणि म्हणावं, “हे आईबाबांना सांगशील? सांगताना माझी सोबत हवी असेल तर मी येईन.” “घरी सांगू नकोस, ते समजून घेणार नाहीत,” हे वाक्य कोणत्याही ताई-दादाच्या तोंडून कधीही निघू नये. आईवडिलांपासून लपवायला शिकवलेल्या श्रद्धेची पहिली शिकवण लपवणं हीच होते.

एका आईने मला सभेत थेट विचारलं होतं, “माझ्या मुलीचं नाव बदलणार का?” सभेत शांतता पसरली. मी म्हटलं, “नाही. तुम्ही ठेवलेलं नाव घेऊनच ती परत येईल. ती काय शिकली ते तिला विचारा, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर मला फोन करा.” त्यांनी मुलीला पाठवलं, आणि परतल्यावर खरंच फोन केला. एका गोष्टीबद्दल त्यांची शंका होती. आम्ही अर्धा तास बोललो. दोघींचं एकमत झालं नाही, पण पुढच्या वर्षी मुलगी आली.

जेव्हा आधी घरी सांगायचं नसतं

वर सांगितलेल्या कसोटीला एक अपवाद आहे, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असलाच पाहिजे. घरापासून दूर, विश्वासाच्या माणसाजवळ मूल कधीकधी अशी गोष्ट सांगतं की घरातलं किंवा नात्यातलं कोणीतरी त्याला त्रास देतं. अशा वेळी “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नये. शांतपणे ऐकावं, खोदून प्रश्न विचारू नयेत, मुलाने जे शब्द वापरले ते तसेच लिहून ठेवावेत आणि “तू सांगितलंस ते बरं केलंस” असं म्हणावं.

मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येक माणसाने पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. संशय ज्या घरावर आहे, त्या घरी आधी फोन करून मुलाला अधिक धोक्यात घालू नये. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, पोलिसांसाठी ११२. आणि आरोप शिबिरातल्याच कोणावर असेल, तर त्या माणसाला ताबडतोब मुलांपासून दूर करावं, पोलिसांना कळवावं आणि पालकांना त्याच दिवशी बोलवावं. मंडळीची अब्रू राखण्यासाठी असं प्रकरण आतल्या आत मिटवणं म्हणजे मुलाचा दुसऱ्यांदा घात करणं होय. हा नियम पालकसभेतच वाचून दाखवावा. चांगल्या पालकांना त्याचा धीर वाटतो.

परतीचा दिवस

बस अंगणात शिरली की गोंधळ उडतो : पिशव्या, हरवलेला एक बूट, ओले टॉवेल. त्या गोंधळातही प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या गटातल्या प्रत्येक मुलाच्या पालकांशी मिनिटभर बोलावं, आणि त्या मुलाबद्दल पाहिलेली एक नेमकी गोष्ट सांगावी. “चांगला मुलगा आहे” यात काही नसतं. “परवा जेवताना त्याने स्वतःच्या ताटातला लाडू धाकट्याला दिला, कुणी सांगितलं नव्हतं,” हे आई वर्षभर लक्षात ठेवते. घ्यायला आलेली व्यक्ती फॉर्ममधलीच आहे ना, हे पाहून सही घेतल्याशिवाय मूल सोडू नये, मग तो सख्खा मामा का असेना.

मुलासोबत एक कागद द्यावा : कोणती गाणी शिकवली, कोणत्या गोष्टी सांगितल्या, कोणतं वचन पाठ झालं. मुलाला विचारता येतील असे तीन-चार प्रश्नही त्यावर असावेत. “मजा आली का?” या प्रश्नाला “हो” एवढंच उत्तर मिळतं. “रात्री कोणाचे आवाज यायचे?” असं विचारलं की बेडूक, रातकिडे आणि खोलीतला घोरणारा दादा, सगळे बाहेर पडतात.

शिबिरानंतर

आठवड्याभरात प्रत्येक घरी एक फोन करावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : काय आवडलं, काय खटकलं. खटकलेलं लिहून ठेवावं आणि पुढच्या पालकसभेत, नाव न घेता, त्यावर काय बदल केला ते सांगावं. पावसाळ्यात, शाळा रुळल्यावर, मुलांना आणि पालकांना एकत्र जेवायला बोलवावं. तेव्हा वर्षभराच्या ओळखीला सुरुवात होते. शुल्क न परवडणाऱ्या मुलासाठी कोणी हळूच पाकीट देतं, कोणी सुतार बाबा शिबिराचे बाक दुरुस्त करून देतात, कोणी परिचारिका आई दोन दिवस सोबत यायला तयार होते.

पाण्याबद्दल विचारणाऱ्या त्या आजी पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. या वेळी नातवाबरोबर गल्लीतली आणखी दोन मुलं होती. टेबलापुढे रांग होती आणि मी कोणाचा तरी फॉर्म भरत होते. मागे एक तरुण आई काळजीच्या सुरात कोणाला तरी विचारत होती, “धरण आहे ना तिथे? पोरं पाण्यात गेली तर?” मी मान वर करेपर्यंत आजींनी कमरेची पिशवी सोडली होती. घड्या पडून मऊ झालेला कागद त्यांनी तिच्यापुढे उलगडला आणि म्हणाल्या, “नाही उतरवत. हे बघ, लिहून दिलंय.”